गायकाचा दोष आणि गाण्याचा वनवास

अचलपुरांत घरबसल्या आज मोबाइलवर हवें तें गाणें ऐकतां येतें. परंतु ज्या गायकाच्या आचरणावर गंभीर आक्षेप आहेत, त्याचीं गाणीं कंपन्यांनीं आपल्या संग्रहांतून काढून टाकावीं काय?

प्रश्न नवा नाहीं. स्वातंत्र्याच्या सुमारास नभोवाणीचें खातें सरदार पटेलांकडे असतांना, ज्यांचें खासगी जीवन लोकापवादाचा विषय झालें अशा कलावंतांना नभोवाणीचें दार बंद झालें. हेतु नीतीचा होता. घाव मात्र मुख्यतः पिढीजात गाणाऱ्या बाईजींवर बसला. ठुमरी जिवंत ठेवणाऱ्या त्याच होत्या! पुढें 1976 सालीं, आणीबाणींत, किशोरकुमारांचीं गाणीं आकाशवाणीवरून बंद झालीं. सरकारी कार्यक्रमास नकार, एवढाच त्यांचा अपराध. निमित्त बदलतें, हत्यार तेंच राहतें.

मग पीडितांच्या वेदनेचें काय? ती खरी आहे. 2018 मध्यें स्पॉटिफाय कंपनीनें आर. केली या अमेरिकन गायकाचीं गाणीं शिफारशींच्या याद्यांतून वगळलीं, संग्रहांत मात्र राहूं दिलीं. कांहीं आठवड्यांतच तिनें माघार घेतली. 2021 मध्यें न्यायालयानें केलीला लैंगिक शोषणाच्या गुन्ह्यांत दोषी ठरविलें.

मला तो सोडलेला मार्गच योग्य वाटतो. शिफारस ही शाबासकी आहे. संग्रह हें दप्तर आहे. शाबासकी काढून घ्यावी, दप्तर जाळूं नये. न मागतां तें गाणें कोणाच्या कानीं पडूं नये. मागेल त्याला मात्र मिळावें. गाण्यांत कवि असतो, तबलजी असतो, सारंगियाही असतो. एकाच्या पापासाठीं साऱ्यांना वनवास कां?