खाजेआड दडलेला कर्करोग

इसबासारख्या दिसणाऱ्या स्तनाग्रावरील व्रणाचा कर्करोगाशी असलेला संबंध लंडनचे शल्यविशारद जेम्स पॅजेट यांनी १८७४ मध्ये दाखवून दिला. तसाच विकार स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियावरही होतो, हे १९०१ मध्ये फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ द्युब्रय यांनी नोंदविले. हा विकार विरळा, बहुधा ऋतुनिवृत्तीनंतरचा. लाल चट्टा व न शमणारी खाज ही त्याची लक्षणे; म्हणून गजकर्ण समजून मलमे चोळण्यात वर्षे जातात आणि संकोच त्यात भर घालतो. त्वचेचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तरच निश्चित निदान होते. मूत्राशय, गुदाशय व स्तन यांचीही तपासणी करतात. बाधित भाग शस्त्रक्रियेने काढतात. रोग वरच्या थरातच असल्यास काहींना इमिक्विमोड मलमही गुणकारी ठरते. रोग पुनःपुन्हा उद्भवतो. यास्तव अनेक वर्षे देखरेख हवी. औषधाने न हटणारी खाज वैद्याला दाखविण्यात लाज कसली?