विकत घेतलेला खेळ पुरता कोणाचा?

वाण्याकडून किलोभर साखर आणली, घरीं येऊन पुडी सोडली, आणि तींतील पावभर साखर निराळ्या गांठींत बांधलेली निघून ती सोडण्यास वाणी पुन्हां पैसे मागूं लागला, तर गिऱ्हाईक काय म्हणेल? संगणकीय खेळांच्या व्यापारांत २०१२ सालीं असाच प्रकार घडला. जपानच्या कॅपकॉम कंपनीच्या ‘स्ट्रीट फायटर क्रॉस टेकन’ या खेळाच्या तबकडीवर बारा लढवय्ये अगोदरच भरलेले होते. परंतु त्यांचें कुलूप उघडण्यास निराळे पैसे पडणार होते. सर्व खेळाडूंना एकमेकांशीं खेळतां यावें म्हणून ही योजना, असा कंपनीचा खुलासा होता. तो खरा मानला, तरी गिऱ्हाइकाचें समाधान होत नाहीं. कारण तयार माल हातीं पडूनही त्याचा झाला नाहीं.

म्हणून मागाहून विकलेली प्रत्येक भर अन्यायाचीच ठरते असें नव्हे. पोलंडमध्यें तयार झालेला ‘द विचर ३’ हा खेळ २०१५ सालीं निघाला. त्याची ‘ब्लड अँड वाइन’ ही पुरवणी २०१६ सालीं आली. तींत नवा प्रदेश व नवें कथानक होतें, आणि तिच्यावांचून मूळ कथा अपुरी राहत नव्हती. नव्या श्रमांचें मोल मागण्यांत गैर तें काय?

तेव्हां मुलांसाठीं खेळ घेणाऱ्या पालकांनीं दोनच गोष्टी पाहाव्या : पहिल्या किंमतींत खेळ पुरता मिळतो काय, आणि पुढें काय विकलें जाणार हें आधीं सांगितलें आहे काय. दोहोंचें उत्तर होकारार्थी असेल, तर पुरवणी घेणें न घेणें हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न होय.