बुद्धवंदनेचा स्वर आणि श्वास

नांदेड जिल्ह्यात दाभडजवळ बावरीनगरचा महाविहार आहे. पौष पौर्णिमेच्या धम्म परिषदेला हा परिसर बुद्धवंदनेने दुमदुमतो. लातूर जिल्ह्यात उदगीरला २०२४ साली राष्ट्रपतींच्या हस्ते विश्वशांती बुद्ध विहाराचं लोकार्पण झालं. गावोगावच्या विहारांत पांढऱ्या वस्त्रांतले उपासक-उपासिका हात जोडून पाली भाषेत त्रिशरण, म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणं, आणि पंचशील म्हणतात. परित्राणपाठाच्या, म्हणजे रक्षणासाठी म्हटल्या जाणाऱ्या सूत्रांच्या, वेळी पांढरा दोरा सगळ्यांच्या हातांतून फिरतो आणि पाठ संपला की मनगटावर बांधला जातो.

वंदनेच्या या स्वराला श्वासाची साथ असते. चिनी विचारात शरीरात आणि सृष्टीत वाहणाऱ्या प्राणशक्तीला ‘ची’ म्हणतात. संथ श्वासाने तिचा प्रवाह सुरळीत राहतो, अशी तिथली धारणा. अशी शक्ती यंत्राने मोजता येत नाही. श्वास मात्र मोजता येतो. इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली दाखवलं, की बौद्ध मंत्राच्या जपात श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरते.

संथ श्वासाने मन निवलं की पुढचं काम शीलाचं. हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं आणि नशा यांपासून दूर राहण्याचा निर्धार म्हणजे पंचशील. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात ते लाखोंना दिलं. म्हणून वंदना सावकाश म्हणा, अर्थ समजून म्हणा आणि पंचशील दिवसभर पाळा.