हळद आणि शिशाचे विष



कुंडल ज्या जिल्ह्यात वसले आहे, त्या सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. हळदीचा पिवळेपणा कुर्क्युमिन या द्रव्याचा. शिसे शरीरात गेले, की कॅल्शियमचे सोंग घेऊन मेंदूत शिरते आणि बालकांची बुद्धी खुंटवते. ही हानी सहसा भरून येत नाही. शिसे दिलेल्या उंदरांच्या मेंदूची हानी कुर्क्युमिनमुळे कमी झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे. मात्र पोटात घेतलेले कुर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते. माणसांत हा गुण अद्याप सिद्ध झालेला नाही.

दैवदुर्विलास असा, की झळाळी यावी म्हणून काही ठिकाणी हळकुंडांनाच लेड क्रोमेट हे शिसेयुक्त रंगद्रव्य चोळले जाते. बांगलादेशातील बाजारांत २०१९ मध्ये हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळले होते. लोकजागृती व कडक कारवाई झाली आणि २०२१ मध्ये ते एकाही नमुन्यात आढळले नाही.

म्हणून ग्राहकाने अवाजवी झळाळीला भुलू नये, व्यापाऱ्याने तिचा मोह धरू नये. बालकाच्या रक्तात शिसे आढळल्यास हळदीवर विसंबून न राहता त्वरित वैद्यकीय उपचार घ्यावेत. विष उतरवण्यापेक्षा ते घरात येऊ न देणे, हेच मेंदूचे खरे रक्षण होय.