झेंडा उतरवताना



आज आपल्या तुकडीने शाळेला नवा ध्वजस्तंभ दिला. त्यानिमित्ताने दोन शब्द बोलायला उभी आहे.

हा झेंडा आपल्याला आयता मिळाला, पण आधीच्यांना तो फुकट मिळाला नव्हता. १९२३ साली नागपुरात चरख्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघालेल्यांना अटक होई, तरी नव्या तुकड्या येतच राहिल्या. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला तिरंगा हाती घेतलेला शिरीषकुमार मेहता पोलिसांच्या गोळीबारात गेला. वय पंधरा! म्हणजे आपण या बाकांवर बसत होतो त्याच वयाचा. पुढे २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने आजचा ध्वज स्वीकारला आणि चरख्याच्या जागी चोवीस आऱ्यांचे चक्र आले.

ध्वजसंहितेतला एक नियम मला फार आवडतो. झेंडा चढवायचा चटकन, उतरवायचा मात्र सावकाश, मानाने. चढवताना बँड असतो, पाहुणे असतात, पेढे असतात. उतरवताना मैदान रिकामे असते. आपल्या वेळी ते काम शिपाईमामा करत. सूर्य मावळायच्या आत ते हलकेच दोरी सोडत, झेंडा जमिनीला टेकू न देता हातावर घेत. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, चक्र वर दिसले पाहिजे, मग घडी दोन्ही तळव्यांवर घेऊन ऑफिसात न्यायची. टाळ्या कुणी वाजवत नसे.

२०२२ पासून झेंडा रात्रीही फडकत ठेवता येतो. सवलत चांगली आहे. पण तिच्यामुळे उतरवायचे राहून जाते. गच्चीवर विटलेले, कडा उसवलेले झेंडे आपण सगळेच पाहतो. फाटका झेंडा लावू नये, तो खासगीत, शक्यतो अग्नी देऊन, सन्मानाने नष्ट करावा, असे संहिता सांगते. कचऱ्यात टाकण्याचा तर प्रश्नच नाही.

म्हणून एक विनंती. स्तंभावर आपली नावे कोरली गेली, छान झाले. आता दरवर्षी नवा झेंडा आणि नवी दोरी देण्याचा खर्चही आपणच उचलू. आणि सरांना सांगू, की झेंडा उतरवण्याची पाळी मुलांना द्या. घडी घालता घालता त्यांना जे कळेल, ते भाषणातून कळायचे नाही.

जय हिंद!