गाण्यांची पेटी आणि बिनव्याजी हप्ता
(खातेदार मेळाव्यातील भाषण, भिलाई)

पहिल्या पाळीला निघायची घाई आणि क्वार्टरमध्ये लागलेला रेडिओ, हे दिवस इथल्या पुष्कळांनी पाहिले आहेत. निवृत्तीनंतर ती हौस परत येते. 2017 साली सारेगामानं पाच हजार जुनी हिंदी गाणी आधीच भरलेला 'कारवाँ' आणला, पुढे मराठी गाण्यांचाही आला. इंटरनेट नको, मोबाइल नको. अशी पेटी जरूर घ्या. फक्त सुपेल्याच्या किंवा पॉवर हाऊसच्या बाजारात हप्त्याच्या कागदावर सही करण्याआधी जरा थांबा.

दुकानदार म्हणतो, "सहा हजारांची वस्तू, महिना हजार, सहा हप्ते, व्याज शून्य." तुम्ही विचारा, "रोख दिले तर किती?" समजा तो म्हणाला, 5,600. म्हणजे 400 रुपये इथेच गेले. वर प्रक्रिया शुल्क 199 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, सुमारे 36 रुपये. एकूण 6,235. तुम्ही म्हणाल, 635 रुपयांचं काय एवढं? पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं. शुल्क सुरुवातीलाच कापलं, तर हा दर वर्षाला जवळजवळ 40 टक्के पडतो! आपल्या मुदत ठेवीवर काय मिळतं ते आठवा.

शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते बहुतेकदा प्रक्रिया शुल्कात दडलेलं असतं, असं रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना कळवलं होतं. फायनान्स कंपनीचं कर्ज असेल, तर 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. ऑक्टोबर 2024 पासून नव्या कर्जांना ते द्यावंच लागतं. त्यात खरा वार्षिक दर छापलेला असतो.

आमच्या ओळखीच्या एका काकांचा हप्ता पाच तारखेचा. भाचीच्या लग्नासाठी त्यांनी चार तारखेला पैसे काढले आणि हप्ता परत गेला. बँकेचे 295, कंपनीचे 590. हप्ता हजाराचा, दंड 885 रुपयांचा. काकूंनी आठवडाभर पेटी लावू दिली नाही म्हणे.

त्यापेक्षा बँकेत सहा महिन्यांचं आवर्ती ठेव खातं उघडा आणि तोच हजार रुपयांचा हप्ता स्वतःच्या नावावर भरा. मग रोख भाव करा.

घेताना दुकानातच वाजवून पाहा. घरच्या म्हाताऱ्या माणसाला बटणं दिसतात का, तेही बघा. पक्कं बिल घ्या. वॉरंटी कार्डावर शिक्का हवा. दुरुस्ती भिलाईत होते की रायपूरला न्यावी लागते, हे आधी विचारा. खोक्यावर 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल, तर तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. दुकानदार ऐकेना, तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

आवर्ती ठेवीचे फॉर्म मागच्या टेबलावर ठेवले आहेत. पासबुक आणि आधार आणलं असेल, तर चहानंतर लगेच भरून देऊ.