दुसऱ्या माणसाची नजर



छोटी विमानं बांधू पाहणाऱ्यांचा आपला हा मेळावा छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात भरावा हे योग्यच झालं. इथून जालना रस्त्याला लागलं की सेव्हन हिल्स, सिडको, मुकुंदवाडी करत माणूस थेट चिकलठाणा विमानतळावर पोचतो. चिकलठाण्यात, वाळूजला, शेंद्र्याला लेथ आणि मिलिंग मशीनवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवणारे हात आहेत. तेव्हा छोटं विमान बांधायचं कसब या शहरात आहे की नाही, यावर मी वेळ घालवणार नाही. ते आहे. मला बोलायचंय ते त्यापुढचं. बांधलेल्या विमानात काय बसवायचं, काय बसवायचं नाही आणि ते सुखरूप उडवायचं कसं?

कारखान्यात एक जण विमानाचा आराखडा करतो, दुसरा जोडणी करतो, तिसरा तपासतो आणि चौथा उडवतो. हे चौघं एकमेकांच्या कामावर संशय घेतात. त्या संशयाच्या भरवशावर प्रवासी निर्धास्त डुलकी काढतात. घरी बांधलेल्या विमानात हे चौघंही एकच माणूस. आपणच पेपर काढायचा, आपणच सोडवायचा आणि आपणच तपासायचा, असा हा मामला. त्यात नापास कोण होणार? म्हणून माझं आजचं सांगणं एवढंच आहे की, घरगुती विमानाला लागणारं सर्वांत महत्त्वाचं उपकरण बाजारात मिळत नाही. ते म्हणजे दुसऱ्या माणसाची नजर.

या विषयावर महाराष्ट्रात बोलायचं तर कॅप्टन अमोल यादव यांचं नाव आधी घ्यायला हवं. तेव्हा जेट एअरवेजमध्ये असलेल्या या वैमानिकानं कांदिवलीत चारकोपला, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी ते पाहिलं. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये आणि धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी उड्डाणं झाली २०२० मध्ये. लोकांना गच्ची आठवते, विमान खाली उतरवणारी क्रेन आठवते. मला मात्र या तारखांमधली अंतरं दिसतात. बांधकाम एका जिद्दी कुटुंबाच्या हातात होतं. तपासणीची वाट तयारच नव्हती, ती चालता चालता करावी लागली. जिद्द पुन्हा कुणाकडे तरी निघेल. ती वाट मात्र आपण आतापासून बांधायला हवी.

आता साहित्याकडे येतो. विमानाचा सांगाडा उभा राहिला की बांधणाऱ्याला सजावटीची हौस येते. मोठा रंगीत पडदा, दुसरा रेडिओ, मऊ आसनं, जाड रंगाचा आणखी एक हात. प्रत्येक वस्तू एकेकटी हलकीच असते. पण वजन वाढलं की विमान ज्या वेगाखाली उचलेनासं होतं तो वेगही वाढतो, धावपट्टी जास्त लागते आणि चढण मंदावते. शिवाय वजन कुठे ठेवलं यालाही महत्त्व आहे. शेपटीकडे सरकलेला तोल हवेत सावरता येईलच असं नाही. म्हणून तिन्ही चाकांखाली काटे ठेवून, टाकी रिकामी आणि भरलेली, अशी दोन्ही वजनं घ्या. आणि काट्याचे आकडे दुसऱ्याला वाचायला लावा. आपल्या डोळ्यांना आपल्या सोयीचा आकडा दिसतो.

दिवसाउजेडी, डोळ्यांनी जमीन पाहत उडायचं तर गरजा मोजक्या आहेत: वेगमापक, उंचीमापक, होकायंत्र, इंजिनाचे फेरे, तेलाचा दाब आणि तापमान, इंधनाची पातळी. यात तुम्ही भर घाला, पण हे सात आधी बिनचूक चालू द्या. वेग मोजणारी पिटो नळी पंखाबाहेर उघडी असते. कुंभारीण माशीला ते भोक घर करायला फार आवडतं. विमान उभं असताना ती चिखलाचं बूच मारते, आणि मग धावपट्टीवर काटा शून्यावरून हलत नाही. यावरचा उपाय काही रुपयांचा आहे: लाल फडक्याची फीत शिवलेली एक टोपी. ती काढली का, हे मात्र उड्डाणाआधी यादी वाचणाऱ्यानं विचारलं पाहिजे.

एखादं उपकरण कुठे बसवलं यावर जीव कसा अवलंबून असतो, याचं एक उदाहरण सांगतो. अमेरिकेचा गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरी उपसागरात कोसळून गेला. विमान बर्ट रुटान यांच्या आराखड्यावरचं 'लाँग-ईझी', दुसऱ्याच कुणी घरी बांधलेलं आणि डेन्व्हरनं नुकतंच ताब्यात घेतलेलं. मूळ आराखड्यात एका टाकीवरून दुसरीवर जाण्याचा कॉक वैमानिकाच्या पायांजवळ होता. बांधणाऱ्यानं तो हलवून डाव्या खांद्यामागे नेला. हेतू चांगला होता: इंधनाची नळी माणसाजवळून जाऊ नये. पण आता कॉक फिरवायला उजवा हात नियंत्रणावरून काढून डाव्या खांद्यामागे न्यावा लागे. असं वळताना पाय नकळत उजव्या रडरवर दाबला जातो. कॉकवर खुणा नव्हत्या, इंधन दाखवणाऱ्या काचेवरही नव्हत्या. चौकशीत या मांडणीवर बोट ठेवलं गेलं. तसंच इंधन न भरता उडणं आणि नव्या विमानाचा अपुरा सराव, यांवरही. एखादा परका माणूस जमिनीवरच त्या आसनात बसून म्हणाला असता, 'अहो, इथवर हात पोचत नाही,' तर?

हे उदाहरण परदेशातलं झालं. आपल्या हवेचा हिशेब वेगळा आहे आणि तो जास्त कडक आहे. चिकलठाण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट उंच. मे महिन्यात दुपारी पारा ४० अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की इंजिन, पंखा आणि पंख यांच्या दृष्टीनं ते विमान ५,००० फुटांच्या वर उभं असतं. म्हणजे जवळपास कळसूबाईच्या माथ्यावरून उड्डाण करण्यासारखं. परदेशी आराखड्यातले धावपट्टीच्या लांबीचे आकडे बहुधा समुद्रसपाटीचे आणि थंड हवेचे असतात. ते इथे जसेच्या तसे धरू नका. चाचणीची उड्डाणं पहाटे करा, कोवळ्या उन्हात संपवा.

नजरेतून काय सुटू शकतं, याची जाणीव याच विमानतळानं २६ एप्रिल १९९३ रोजी आपल्याला करून दिली. इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ दुपारी मुंबईकडे निघालं, धावपट्टी संपली तरी पुरेसं उचललं गेलं नाही आणि पलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं. पुढे विजेच्या तारांत अडकून कोसळलं. ११८ पैकी ५५ जण गेले. नाक उशिरा उचलल्याचा दोष वैमानिकांकडे गेला, आणि विमान निघताना रस्त्यावरची वाहतूक न रोखल्याचा दोष विमानतळाच्या व्यवस्थेकडे. लक्षात घ्या, तिथे चारचौघांची नजर असूनही एक ट्रक नजरेतून सुटला. मग जिथे नजरच एकट्याची, तिथे काय काय सुटेल?

अमेरिकेतल्या नियमांमध्ये यावर विचार झाला आहे. घरगुती विमानाला साधारणपणे पहिले ४० तास ठरावीक क्षेत्रातच, प्रवाशाविना उडावं लागतं. इंजिन-पंख्याची जोडी प्रमाणित असेल तर २५ तास. पूर्वी या काळात वैमानिक एकटाच असे. २०१४ पासून काही अटींवर एक जादा, जाणकार वैमानिक सोबत घ्यायची मुभा मिळाली. त्याआधी, २०१२ साली तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळानं अशा विमानांच्या अपघातांचा सविस्तर अभ्यास केला. इंजिनाचा घोटाळा आणि विमान हातचं सुटणं ही त्यात ठळक कारणं निघाली. विमानाची सुरुवातीची उड्डाणं आणि जुनं विमान विकत घेणाऱ्याची सुरुवातीची उड्डाणं, हे धोक्याचे दिवस ठरले. इंधनाची चाचणी मी यासाठीच आग्रहानं सांगतो. विमान चढणीच्या कोनात उभं करून इंधनाचा प्रवाह प्रत्यक्ष मोजा: पंप असेल तर इंजिनाच्या कमाल गरजेच्या सव्वापट, नुसत्या उतारानं येत असेल तर दीडपट. मोजपात्र धरणारा एक आणि घड्याळ पाहणारा दुसरा.

आणि प्रत्येक गोष्टीची नोंद. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं, असं आपण अभिमानानं सांगतो. पण त्या उड्डाणाचा निर्विवाद समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचे दाखले दिले जातात, त्यातल्या रचना उडू शकत नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली काढला. तळपद्यांच्या धडपडीला मी नमस्कार करतो. पण मोजमाप लिहून ठेवलेलं नसेल आणि दुसऱ्या कुणाची सही नसेल, तर पुढच्या पिढीला वारशात फक्त वाद मिळतो.

म्हणून या मेळाव्यापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली: इथे बांधणी करणाऱ्या प्रत्येकानं दुसऱ्या बांधणाऱ्याला आपला तपासनीस म्हणून नेमावं. पत्र्याचं आवरण बंद करण्याआधी आतला प्रत्येक नट-बोल्ट त्याला दाखवावा. टॉर्क रेंच त्यानं लावावा आणि कसलेल्या नटवर रंगाची रेघ त्यानंच ओढावी. नट फिरला की रेघ तुटते, आणि ती तुटलेली कुणालाही दिसते. दुसरी: वजन, तोल, इंधन-प्रवाह आणि चाचणी उड्डाणं यांच्या नोंदवहीचा एकच मराठी नमुना आपण तयार करावा, म्हणजे सावंतवाडीच्या माणसाची वही जालन्याच्या माणसाला वाचता येईल. तिसरी: नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे जाताना सवलत मागू नये. टप्प्याटप्प्यानं होणारी, मुदतीत उत्तर देणारी तपासणी मागावी. अडवणूक नको आणि डोळेझाकही नको.

विद्यार्थी मित्रांना वेगळं सांगतो. तुमच्यातला जो पहिला बांधेल, त्याचं नाव होईल. पण जो तपासेल, आणि उड्डाणाच्या सकाळी, पाहुणे जमलेले असताना, कॅमेरे लागलेले असताना, 'आज नको' म्हणेल, त्याला टाळ्या पडणार नाहीत. त्याचं ऐकायची सवय आपण सर्वांनी लावून घेतली, तर या शहरात बांधलेलं विमान उडेल आणि उतरेलही.

जय हिंद, जय महाराष्ट्र!